परकराची चीर आणि तिची पट्टी: खालचं टोक फाटू नये म्हणून

शेवंती
नमस्कार. शिवणकाम करणाऱ्या सगळ्यांसाठी चर्चेचा धागा काढतेय. विषय छोटा आहे, पण साडी नेसणाऱ्या प्रत्येकीचा रोजचा: परकराची चीर, म्हणजे नाडीखाली बाजूला जी उघडी फट ठेवतात ती.

दुकानातून आणलेले परकर घेराला चांगले असतात, रंगही मिळताजुळता मिळतो, पण काही महिन्यांत चिरेच्या खालच्या टोकाशी उसवतात. आधी एक-दोन टाके जातात, मग कापडच खाली फाटत जातं. वरून टीप मारली तर तिच्या शेजारून फाटतं. आजीचे जुने परकर अजून कपाटात आहेत. कापड पार विरलंय, पण चीर शाबूत आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. आजीच्या परकराला चिरेच्या एका कडेवरून खाली येऊन दुसऱ्या कडेने वर जाणारी अखंड पट्टी आहे. दुकानातल्याला पट्टीच नाही, कडा नुसत्या आत दुमडून टीप मारलेली.

मला ती पट्टी नीट शिकायची आहे. व्हिडिओत हात इतका भराभर चालतो की खालच्या टोकाशी नेमकं काय केलं ते दिसतच नाही, आणि चुणी तर तिथेच पडते. पॉपलीन घेतलंय, सहा कळ्यांचा (खाली रुंद होत जाणाऱ्या सहा तुकड्यांचा) परकर आहे, वर नाडीचा नेफा. मापांसकट सांगाल का?

रानजाई
मलाही हवंय. शर्टाच्या बाहीला कफच्या वर जी चीर असते तिलाही हीच पट्टी लागते ना? तिथेही टोकाशी चुणीच येते.

सुईदोरा
रानजाई, हो, हीच. बाहीची चीर लहान असते, एवढाच फरक. एकदा परकरावर हात बसला की बाही, फ्रॉकची पाठ, मुलींचे स्कर्ट, सगळीकडे हीच पट्टी चालते.

शेवंती, क्रमाने लिहिते.

आधी चीर किती लांब ठेवायची ते. अंदाजाने सहा इंच कापू नका, हिशोब करा. नेफ्याचा घेर अधिक चिरेच्या लांबीची दुप्पट, ही बेरीज नितंबाच्या मापापेक्षा जास्त हवी, नाहीतर परकर वर चढणार नाही. समजा नेफा ३२ इंच आणि नितंब ४० इंच. मधला फरक ८, म्हणजे चीर किमान ४ इंच. पण किमान मापावर ठेवलेली चीर घालता-काढताना रोज ताणली जाते आणि टोक फाटायची सुरुवात तिथूनच होते. म्हणून वर अडीच-तीन इंच सोडा. म्हणजे साडेसहा ते सात इंच झाली. कंबर बारीक आणि नितंब रुंद असतील तर आठ.

पट्टी त्याच कापडाची, उभ्या धाग्यावर कापलेली. लांबी चिरेच्या दुप्पट अधिक एक इंच, रुंदी पावणेदोन ते दोन इंच. कापडाच्या मूळच्या विणलेल्या कडेला लागून पट्टी काढता आली तर फार छान, कारण त्या कडेला दशा सुटत नाहीत, मग आतून दुमडावं लागत नाही आणि पट्टी पातळ बसते. आजीच्या परकराची पट्टी उलटून बघा, बहुतेक तशीच निघेल. कापड मात्र बेतण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. परकर आणि पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात आटले तर धुतल्यावर चीर लाटांसारखी दिसते.

आता टोक. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गोम नेमकी इथेच आहे. चीर लगेच कापायची नाही. खडूने रेघ ओढा. जिथे चीर संपणार तिथे उलट बाजूने पॉपलीनचा इंचभर चौकोनी तुकडा टाचून घ्या. मग रेघेच्या एका बाजूला, वर पाव इंचावर सुरुवात करून तिरकी टीप खाली टोकापर्यंत आणा. टोकाशी आडवा एकच टाका, आणि दुसऱ्या बाजूने तशीच तिरकी टीप वर पाव इंचापर्यंत. उलटा, निमुळता, लांबट त्रिकोण तयार होतो. टोकाच्या दोन्ही बाजूंना इंचभर टाका बारीक करा. एरवी इंचात १०-१२ टाके येतात, तिथे १६-१८ येऊ द्या. हे सगळं झाल्यावर मगच रेघेवर कात्री चालवा, अगदी त्या आडव्या टाक्याच्या अलीकडे दोन धागे राहतील इथपर्यंत. घाबरून आधीच थांबलात तर चुणी पडणार. कात्री टोकाला धारदार हवी. आतल्या धारेने कापायला गेलं की हात पुढे सरकतो आणि टाका कापला जातो.

मग चीर उघडून सरळ करा. दोन्ही कडा एका रेषेत येतात, मधे टोक. पट्टी खाली, तिची सुलट बाजू वर. तिच्यावर परकर, सुलट बाजू खाली, म्हणजे परकराची उलट बाजू तुम्हाला दिसेल. शिवताना परकर वरच हवा, कारण घडी त्याची पडते, आणि डोळ्यांसमोर असेल तरच ती बाजूला सारता येते. आता नीट लक्ष द्या: दोन्ही टोकांना परकराची कड आणि पट्टीची कड जुळते, पण मधे जुळत नाही. परकराची कड पट्टीच्या कडेपासून हळूहळू आत सरकते. जुळवायला जाऊ नका. टीप पट्टीच्या कडेपासून पाव इंचावर सरळ जाऊ द्या, आधी मारलेल्या आधाराच्या टिपेच्या अगदी लगत, केसभर आतून. वर परकराची शिलाईची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड, पाव इंच सापडेल, टोकाशी दोन-तीन धागेच सापडतील. ते पुरतात, कारण खाली चौकोनी तुकडा आहे आणि बारीक टीप आहे.

टोकाशी आलात की सुई कापडात रुतवून थांबा. मशीनचा दाबपाय वर उचला. सुईच्या मागे परकराचं कापड गोळा झालेलं असतं, ते बोटाने डावीकडे, मागे सारा. पुढची कड सरळ करा. दाबपाय खाली सोडा आणि पुढे चला. चुणी पडते किंवा पडत नाही ती याच जागी. घाई करू नका, टोकाच्या आधीचे आणि नंतरचे चार टाके मशीनचं चाक हाताने फिरवून घाला.

बाकी सोपं आहे. माया पट्टीच्या दिशेने दाबून इस्त्री करा. पट्टीची दुसरी कड पाव इंच दुमडून आतल्या टिपेवर आणून बसवा. विणलेली कड असेल तर नुसती बसवा. मी हाताने बारीक टाके घालते, टाका फक्त टिपेच्या धाग्यात घ्यायचा, सुलट बाजूला काही दिसत नाही.

शेवटचं आणि न चुकवायचं: परकर उलटा करून चीर मिटवा, पट्टीचे दोन्ही भाग एकावर एक ठेवा. खाली पट्टीची जी घडी येते तिच्यावर तिरकी टीप मारा, ४५ अंशात, दोन-तीनदा पुढे-मागे. यामुळे पट्टी उलटून बाहेर डोकावत नाही आणि ताण टोकावर न येता पट्टीवर येतो. पुढच्या कडेची पट्टी आत दुमडायची, मागच्या कडेची तशीच बाहेर ठेवायची. मिटवली की पुढची कड मागच्या पट्टीवर येते आणि फट दिसत नाही.

नेफा सगळ्यात शेवटी. पट्टी पूर्ण झाल्याशिवाय नेफा दुमडायचा नाही.

शेवंती
सुईदोराताई, किती नीट लिहिलंत! प्रिंट काढून मशीनसमोर लावतेय. एक शंका. माझी चीर दोन कळ्यांच्या जोडातच येते, अखंड कापडात नाही. मग तो त्रिकोण कसा मारायचा?

सुईदोरा
जोडात असेल तर काम हलकं. जोडाची टीप चिरेच्या टोकाशी थांबवा आणि तिथे उलटसुलट पक्की करा. टोकाशी दोन्ही मायांना टिपेपर्यंत आडवी कात्री मारा. चिरेच्या भागातली माया पाव इंच ठेवून बाकीची कापून टाका. मग कडा उघडून पट्टी तशीच लावा. इथे कड मधे आत सरकत नाही, माया सगळीकडे सारखी राहते, म्हणून चुणीची भीती कमी. पण कात्री मारलेली जागा कच्ची असते. चौकोनी तुकडा इथेही लावाच.

शिकणाऱ्यांनी आधी जोडातली चीर करावी, मग अखंड कापडातली.

अबोली_शिवण
मी दुकान चालवते, तेव्हा थोडं वेगळं सांगते. हाताने पट्टी बसवायला दुकानात वेळ नसतो, आणि मशीनची टीप जास्त टिकतेही. परकर रोज धुतला जातो, पिळला जातो. हाताचा टाका कुठे तरी अडकून निघाला की पट्टी लोंबते. म्हणून मी पट्टी आधी उलट बाजूने जोडते, दुमडून सुलट बाजूला आणते आणि कडेला लागून टीप मारते. टीप वर दिसते, पण परकर साडीच्या आत असतो, कोण बघणार?

दुसरं, मी चिरेचं टोक अणकुचीदार ठेवतच नाही. खाली अर्ध्या इंचाचा गोल काढते, आणि पट्टी उभ्या धाग्याची न लावता तिरप्या कापडाची लावते. तिरपी पट्टी गोलावर आपोआप वळते. दुधाच्या पिशवीला कात्रीने टोक मारलं की पुढे ती नुसत्या हातानेही फाटत जाते, कारण सगळा जोर त्या एका टोकावर येतो. गोलावर तो जोर पसरतो. बाई मांडी घालून खाली बसते तेव्हा कापड आडवं ताणलं जातं, आणि परकर फाटतो तो बहुतेक तेव्हाच.

सुईदोरा
अबोली, रोजच्या परकराला मशीनची टीप, हे मान्य. मी हाताने करते ते स्कर्टचं आणि सणासुदीच्या कपड्यांचं. तिथे वर टीप दिसलेली मला आवडत नाही.

गोलाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. गोल चीर मिटवली तरी खाली भोक राहतं, आणि तिरपी पट्टी फक्त कड झाकते, एकावर एक येणारा भाग तिला नसतो. साडीच्या आत चालून जाईल. स्कर्टला चालणार नाही, आतलं दिसेल.

अबोली_शिवण
हो, स्कर्टला नाहीच. परकरापुरतंच म्हणतेय. आणि गिऱ्हाईक वजनाने जड असेल तर मी गोलही काढते आणि त्याखाली काजाच्या टाक्याने अर्ध्या इंचाची आडवी पक्की गाठही घालते. असा परकर चिरेपाशी फाटून परत आला नाही.

सातासमुद्रापार
छान धागा. मी लेस्टरला असते, इथे परकर क्वचितच, पण मुलींचे आणि माझे स्कर्ट घरीच शिवते. गॅबर्डीन आणि जाड डेनिमला ही अखंड पट्टी लावली की खाली टोकाशी कापडाचा गठ्ठा होतो, इस्त्रीनेही बसत नाही. तिथे काय करायचं?

सुईदोरा
जाड कापडाला अखंड पट्टी लावायचीच नाही. दोन वेगळ्या पट्ट्या लावायच्या. शाळेच्या गणवेशाचा जुना, चांगल्या शिलाईचा स्कर्ट असेल तर त्याची चीर उलटून पाहा, बहुतेक अशीच असते.

मागच्या कडेला दुहेरी पट्टी, शिवून झाल्यावर सव्वा इंच रुंद, ही बाहेर राहते आणि तिच्यावर हुक अडकवायची कडी किंवा बटण येतं. पुढच्या कडेला इंचभर रुंद एकेरी पट्टी लावायची, पूर्ण आत वळवायची आणि आतून हाताने टाचायची. तिची आतली कड इंटरलॉक करून (दशा सुटू नयेत म्हणून मशीनने गुंफून) घ्या, दुमडू नका, दुमडली की वर इस्त्रीचा वळ उठतो. ही पुढची पट्टी डेनिमची न घेता पातळ सुती कापडाची घ्या, निम्मा गठ्ठा तिथेच कमी होतो. खाली दोन्ही पट्ट्यांची टोकं एकत्र धरून जोडाच्या मायेला शिवायची, स्कर्टच्या वरच्या कापडाला नाही.

चीर जोडातच ठेवा. जाड कापड मधोमध कापू नका.

सातासमुद्रापार
धन्यवाद! आणि बाजू कुठली? इथले पॅटर्न बाजूची चीर डावीकडे दाखवतात.

सुईदोरा
स्कर्टला डावी बाजू, पुढची कड मागच्या कडेवर. उजव्या हाताने काम करणाऱ्यांना हुक लावायला तेच सोपं जातं. परकराला ज्याची त्याची सवय.  फक्त निऱ्यांच्या खाली नाडीची गाठ आणू नका, पोटावर उंचवटा दिसतो.

कृष्णाकाठ
मी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा स्कर्ट शिवायला घेतलाय. खणाला दशा इतक्या सुटतात की पाव इंचाची माया हातातच विरघळते. त्यात पन्हा कमी, पट्टीसाठी कापड उरत नाही.

सुईदोरा
खणाची पट्टी खणाची नकोच. त्याच रंगाचं रुबिया (ब्लाउजचं पातळ कापड) किंवा मलमल घ्या. खण ताठ असतो, त्याला खाली मऊ पट्टी मिळाली की चीर छान पडते. बाहेर राहणाऱ्या मागच्या भागावर वाटलं तर खणाची बारीक पट्टी वरून लावा, म्हणजे फट थोडी उघडली तरी रंग वेगळा दिसणार नाही.

दशांसाठी: खणाला चीर मधून कापू नका, जोडात ठेवा. तिथे माया पाव इंच न ठेवता अर्धा इंच ठेवा आणि पट्टी लावायच्या आधी मायेच्या कडेला झिगझॅग किंवा इंटरलॉक करून घ्या. टोकाशी कात्री मारायच्या आधी चिमूटभर फेविकॉल पाण्यात पातळ करून टाचणीच्या टोकाने त्याच जागेवर लावा, पूर्ण वाळू द्या, मग कात्री मारा. आधी खणाच्या कात्रणावर करून बघा, काही रंगांवर डाग दिसतो.

आणि सुई ११ नंबरची, नवी. बोथट सुई खणाचे धागे ओढते, ते पुन्हा जागेवर बसत नाहीत.

अबोली_शिवण
कृष्णाकाठ, खणाचा काठ स्कर्टच्या खाली घेणार असाल तर जोड मागे मधोमध आणा आणि चीरही तिथेच. बाजूच्या जोडात काठाची नक्षी जुळवणं अवघड जातं. मागे एकच जोड जुळवायचा.

निळी_शाई
धाग्याशी थोडं जवळचं म्हणून लिहिते. मी डॉक्टर आहे. नाडी किती घट्ट बांधतो याकडे लक्ष द्या. २०२४ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांबद्दल लिहिलं होतं. वर्षानुवर्षं कमरेशी एकाच जागी घट्ट बांधल्यामुळे त्वचा घासली, जखम झाली, ती भरली नाही आणि पुढे तिथे त्वचेचा कर्करोग झाला. असं क्वचितच होतं, घाबरवायचा हेतू नाही. पण नाडीच्या रेषेवर काळा पट्टा, खाज, सोलवटणं हे कितीतरी जणींना असतं आणि कुणी दाखवायला येत नाही. महिना-दीड महिन्यात न भरलेली जखम असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

शिवणाऱ्यांनी नाडीऐवजी रुंद पट्टा करता आला तर करावा.

शेवंती
निळी_शाई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आईच्या कमरेवर तसा पट्टा आहे, आजच बघते. तिला संधिवात आहे, नाडीची गाठ सोडायला बोटं वळत नाहीत, आणि गाठ बसली की ती आणखी ओढते. तिच्यासाठी रुंद पट्ट्याचा परकर शिवता येईल का? हुक तिला जमणार नाहीत.

सुईदोरा
नक्की येईल, आणि चिरेचं काम इथे खरं उपयोगी पडतं.

नेफा काढून टाका. दोन इंच रुंद, दुहेरी पॉपलीनचा पट्टा करा, मधे बकरम (ताठ अस्तर) नको, कमरेला टोचतं. पट्ट्याची लांबी कंबर अधिक चार इंच. चीर बाजूला न ठेवता पुढे, मध्यापासून तीन इंच डावीकडे घ्या, म्हणजे हात मागे न्यावा लागत नाही आणि निऱ्यांच्या खालीही येत नाही. तिची लांबी आठ इंच ठेवा, आईंना परकर पायातून चढवताना ओढाताण नको. चिरेची पट्टी वर सांगितली तशीच, फक्त रुंद, शिवून झाल्यावर दीड इंच.

पट्ट्याला वेल्क्रो लावा. मऊ, केसाळ बाजू अंगाच्या दिशेला तोंड करून वरच्या टोकाच्या आत, आणि खरखरीत बाजू खालच्या टोकावर बाहेर तोंड करून. उलट लावलं तर खरखरीत बाजू कमरेला घासेल. खरखरीत तुकडा दोन इंच लांब, मऊ तुकडा चार इंच, म्हणजे जेवणानंतर सैल करता येईल आणि खरखरीत भाग कधी उघडा पडून साडीला चिकटणार नाही. वेल्क्रोच्या चारही कडांना टीप मारा. धुताना चिकटवूनच धुवा, नाहीतर दोरे अडकून त्याची पकड जाते.

साडी जड असेल, तर वेल्क्रोच्या जोडीला पट्ट्याच्या टोकाला एक मोठं, सपाट बटण द्या. शर्टाचं छोटं नको, कोटाचं, इंचभर व्यासाचं. काज आडवं काढा आणि बटणापेक्षा थोडं सैल ठेवा, म्हणजे न वळणाऱ्या बोटांनाही ते सरकवता येतं.

अबोली_शिवण
बटण लावताना खाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घाला आणि मग काडी काढून दोऱ्याचे तीन-चार वेढे द्या. बटण कापडापासून थोडं वर राहतं, आईंच्या बोटांना पकडायला जागा मिळते. बटणाच्या मागे कापडाचा दुहेरी तुकडा द्यायला विसरू नका, सगळा ताण तिथे येणार आहे.

शेवंती
कापड आज भिजत घातलं. आईचं माप घेतलं: कंबर ३४, नितंब ४२. तुमच्या हिशोबाने किमान ४ इंच, तरी मी ८ ठेवतेय. आधी जुन्या चादरीवर एक चीर करून बघते, मग पॉपलीनला हात लावते. टोकाचा फोटो इथेच टाकेन.

सुईदोरा
फोटो उलट आणि सुलट, दोन्ही बाजूंचे टाका. चुणी सुलट बाजूला दिसते, पण ती का पडली ते उलट बाजूवर कळतं.